पंधरा जानेवारीची नोंद

किमान तापमापीच्या नळीत एक काडी असते. काळी, साधारण दीड सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकांना टाचणीच्या डोक्यासारखी जाड. ती अल्कोहोलमध्ये बुडालेली असते. रात्री थंडी वाढली की अल्कोहोल आक्रसतं आणि काडीला आपल्याबरोबर मागे ओढत नेतं. सकाळी ऊब आली की अल्कोहोल पुन्हा पुढे सरकतं, पण काडी तिथेच राहते. तिचं पुढचं टोक जिथे असेल, ते त्या रात्रीचं सगळ्यात कमी तापमान. ते वाचायचं, लिहायचं, मग तापमापीचा फुगा वर उचलून काडी घरंगळवत परत अल्कोहोलच्या कडेला आणायची. एकदा तिरपी केली की ती रात्र गेली. पुन्हा कोणालाही ती वाचता येत नाही.

"दोन रेघांमधी अर्धा अंश," ठकूमावशी सांगत होत्या. "त्यात पाच दाणं बसत्यात असं समजायचं, नाचणीचं. काडी कितव्या दाण्याला टेकलीय त्ये बघायचं. डोळा काडीच्या सरळ ठेव. वाकडी उभी ऱ्हायलीस तर दाणा चुकंल."

मी डोळा सरळ ठेवला. "अकरा... आणि तीन दाणे."

"अकरा पूर्णांक तीन," मागून विज्ञानाचे रणदिवे सर म्हणाले. "ही माझ्या आधीच्या थत्तेबाईंची पद्धत. त्यांनीच तापमाप्यांची ही पेटी बसवली आणि ठकूबाईंना शिकवलं. आता पुढचं मी शिकवतो. ठकूबाई, तुम्ही भांड्यात पाणी भरा."

ठकूमावशींनी पाण्याचं भांडं उचललं आणि त्या बाजूला झाल्या.

ही सात जानेवारी एक्याण्णवची सकाळ. आमची शाळा साताऱ्याच्या पश्चिमेला, एका उघड्या पठारावर. जवळचं गाव पाच किलोमीटर खाली. दर जानेवारीत तीन आठवडे तासिका बंद असत. त्याला निवडसत्र म्हणायचे. नववीच्या प्रत्येकाने एक विषय निवडायचा, तीन आठवडे तेवढंच करायचं आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर पालकांसमोर मांडायचं. वर्गातल्या बऱ्याच जणी नाटकाला गेल्या, काही कुंभारकामाला. हवामान आम्ही दोघींनीच घेतलं. मी, स्नेहल हेरवाडे, जयसिंगपूरची. आणि फरीदा मुजावर, साताऱ्याची. मला रणदिवे सरांसारखं व्हायचं होतं. फरीदाला नाटकात झाडाचं काम मिळालं होतं, म्हणून ती इकडे आली.

त्या वर्षी हवामानाला जास्त महत्त्व होतं. पंच्याहत्तरपासून सोळा वर्षांच्या रोजच्या नोंदी शाळेकडे होत्या. त्यांची पुस्तिका छापायची, आणि तिच्या प्रकाशनाला पुण्याहून गुर्जरसाहेब म्हणून हवामानखात्यातले निवृत्त अधिकारी येणार होते. तक्ते आम्ही करायचे. सव्वीस तारखेला निबंध वाचायचा तो मी. सरांनी पहिल्याच दिवशी तसं सांगितलं आणि रात्री मी वडिलांना पत्र लिहिलं, सव्वीसला नक्की या म्हणून.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांनी आमच्या कंपासपेट्या उघडायला लावल्या, दोघींचे खोडरबर काढून घेतले आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकले.

"आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. चूक झाली तर ती दिसू दे. लपवलेली चूक म्हणजे खोटं. खोटी नोंद करणारा माझ्या वर्गात एक दिवससुद्धा राहणार नाही."

मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. खाली तारीख घातली.

नोंद सकाळी साडेआठची. सम तारखा फरीदाच्या, विषम माझ्या. वसतिगृहापासून पेटीपर्यंत चारशे पावलं, सगळी उघड्या गवतातून. छोटी वही घेऊन जायचं, आकडा टिपायचा, नऊला वर्गात मोठ्या नोंदवहीत उतरवून सही करायची. ठकूमावशींचं काम पेटीतल्या ओल्या वातीच्या तापमापीचं भांडं पाण्याने भरायचं, पेटीभोवतीचं गवत काढायचं आणि मग शेजारच्या भाजीच्या मळ्यात राबायचं. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत शाळा रिकामी व्हायची. तेव्हा नोंद ठेवायच्या त्या एकट्याच. त्यांना अक्षरं येत नव्हती. आकडे मात्र छापल्यासारखे काढायच्या, चौकटीच्या वहीत, प्रत्येक चौकटीत एक.

दहा तारखेला, म्हणजे आपल्या दुसऱ्याच नोंदीला, फरीदा गोधडीतून बाहेरच आली नाही. हात तेवढा बाहेर काढून तिने छोटी वही ओढली आणि लिहिलं.

"अगं, काय लिहिलंस?"

"साडेदहा. काल तू अकरा आणलेस. रोज थोडं थोडं उतरतंय. म्हणजे साडेदहा."

"फरीदा, ही खोटी नोंद आहे."

"ही गोधडीनोंद आहे," ती आतून म्हणाली. "जुनी पद्धत आहे. माझ्या आतेबहिणीने सांगितलं, ती सत्त्याऐंशीला इथे होती. त्यांच्या वेळी तर एकजण रविवारीच आठवडाभराचं लिहून ठेवायची. तुला वाटतं, सोळा वर्षं जानेवारीत पोरी त्या गवतातून रोज गेल्यात?"

मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. तेरा तारखेला मीही गेले नाही. घसा दुखत होता. खरंच दुखत होता, पण तेवढ्याने चारशे पावलं चालता येत नाहीत असं नव्हतं. मी नऊ पूर्णांक पाच लिहिलं. काही झालं नाही. आकाश जागच्या जागी होतं.

चौदाला संक्रांत झाली. पंधराला सकाळी जाग आली तेव्हा श्वासाची वाफ दिसत होती आणि खिडकीची काच आतून ओली होती. आठ वाजून वीस मिनिटं. आदल्या दिवशीचा आकडा नऊ पूर्णांक शून्य, फरीदाचा. मी पांघरुणातच उताणी राहून लिहिलं: आठ पूर्णांक पाच. नऊला मोठ्या नोंदवहीत उतरवलं आणि सही केली. स. हे.

दहाच्या सुमारास बाहेर आरडाओरडा झाला. मळ्यातला घेवडा एका रात्रीत काळा पडला होता, उकडल्यासारखा. स्वयंपाकघरातले आचारी हातवारे करून काहीतरी सांगत होते. रणदिवे सर आम्हा दोघींना घेऊन तिकडे गेले. ठकूमावशी वाफ्याच्या कडेला बसून पानं खुडत होत्या.

"दहिवर गोठलं, सर," त्या म्हणाल्या. "सगळं गवत पांढरं व्हतं. तीन आन् चार दाणं."

"तीन पूर्णांक चार?" सर थांबले. "कोणी पाहिलं?"

"म्या. सव्वानऊपावतर वाट बघितली. कुणी आलं न्हाई. थत्तेबाई म्हणायच्या, दिवस रिकामा जाऊ द्यायचा न्हाई. म्हणून म्या बघितलं, वहीत लिहिलं आन् काडी परत लावली."

सरांनी नोंदवही उघडली. ती त्यांच्या काखेतच असायची. पंधरा जानेवारीवर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"स्नेहल, इथे साडेआठ अंश आहे. तू पाहिलंस?"

फरीदा माझ्या शेजारी उभी होती.

"हो, सर."

एवढंच. दोन शब्द. काडी परत लावलेली होती. मावशींनी ती लावली नसती, तर आम्ही चौघं पेटीपाशी गेलो असतो आणि तीन पूर्णांक चार अजून तिथेच दिसलं असतं. त्यांनी नियम पाळला म्हणून पुरावा गेला. मी नियम मोडला आणि माझी सही होती.

"घेवडा कसा काय जळंल साडेआठ अंशाला?" ठकूमावशी उठून उभ्या राहिल्या.

"जमिनीलगत तापमान कमी असतं, ठकूबाई. पेटी सव्वा मीटर उंच आहे." सर समजावणीच्या सुरात बोलत होते. ते म्हणाले ते चूक नव्हतं. फरक पाच अंशांपर्यंत जाऊ शकतो, क्वचित; तरीही साडेआठातून पाच गेले की साडेतीन उरतात, तिथे दव गोठत नाही. "तुमचा अंदाज चुकला असेल."

"म्या अंदाज करत न्हाई. म्या बघते."

"मग सुट्टीतलेही असेच बघितलेले का?"

त्यांनी हातातली पानं वाफ्यात टाकली. सरांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. मला तो आवाज आवडायचा. प्रयोग फसला की ते तसंच बोलायचे.

दुपारी त्यांनी आम्हाला निर्णय सांगितला. पुस्तिकेतून सुट्टीतल्या सगळ्या नोंदी काढायच्या. सोळा वर्षांचे मे, सोळा वर्षांच्या दिवाळ्या. त्याऐवजी एक ओळ घालायची: सुट्टीच्या काळातील नोंदी अप्रशिक्षित व्यक्तीने घेतलेल्या असून विश्वासार्ह नसल्यामुळे वगळल्या आहेत. येत्या मे महिन्यापासून पेटीला कुलूप राहील. ठकूबाईंनी आपल्या वह्या जमा कराव्यात.

संध्याकाळी चारला त्या प्रयोगशाळेत आल्या. लुगड्याच्या धडप्यात बांधलेल्या सात वह्या त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि गाठ सोडली.

"मोजून घ्या."

"त्याची काही गरज नाही, ठकूबाई."

"मोजून घ्या, सर. मागनं म्हणशीला, ठकूनं एक दडवून ठेवली."

सरांनी मोजल्या. सात. त्यांनी त्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. सुट्टीतले आकडे दर वेळी शाळा उघडली की नोंदवहीत उतरवले जात, त्यामुळे वह्या पुन्हा कोणी पाहिल्या नव्हत्या. मला त्याच क्षणी एक गोष्ट कळली. मावशी कोणी आलं नाही की स्वतः वाचायच्या. म्हणजे त्या सात वह्यांमध्ये फक्त सुट्ट्या नव्हत्या. आम्ही, आमच्या आधीच्या, त्यांच्या आधीच्या पोरी, ज्या ज्या सकाळी गेलो नव्हतो ती प्रत्येक सकाळ त्यात होती.

दुसऱ्या दिवशी मी मळ्यात गेले. संक्रांतीचा तिळगूळ उरला होता, तो कागदात बांधून नेला. किती मूर्ख वस्तू नेली होती ते तिथे पोहोचल्यावर कळलं.

"काय हाय त्यात?"

"तिळगूळ, मावशी."

"ठिव तुझ्यापाशीच. माझ्याच्यानं आता गोड बोलवायचं न्हाई." त्या जळलेला घेवडा मुळासकट उपटत होत्या. "गवत सगळं पांढरं व्हतं, पोरी. मीठ सांडल्यावानी. म्या गेले तर माझं पाय उमटलं, यायचं आन् जायचं. दुसरं पाऊल न्हाई. तू काय उडत आली व्हतीस?"

मी मान खाली घातली. "मग हे सरांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. कुणी आलं न्हाई म्हणलं. तुझ्यासमोरच म्हणलं. मग त्यांनी तुला इचारलं आन् तू हो म्हणलीस. झालं. माझी सोळा वरसं एका पारड्यात आन् तुझं एक हो एका पारड्यात." त्यांनी वेल फेकला. "थत्तेबाई जाताना म्हणल्या व्हत्या, ठकू, ही पेटी तुझी. माझं लेकरू गेलं त्या दिवशीबी म्या सकाळी येऊन काडी बघितली. इचार कुणालाबी. आन् आता कुलूप."

"मी सांगते, मावशी. सरांना सांगते."

"कवा?"

मी तिळगुळाची पुडी या हातातून त्या हातात घेतली.

"कवा त्ये ठरव, मग ये," त्या म्हणाल्या आणि पुढच्या वेलाकडे वळल्या.

सतरापासून मी रोज पेटीपाशी गेले. फरीदाच्या तारखांनाही. साडेआठच्या आधी पाच मिनिटं. काडीचं टोक डोळ्याच्या सरळ ठेवून नाचणीचे दाणे मोजायचे. ठकूमावशी पाणी भरून आधीच निघून गेलेल्या असायच्या. दोन दिवस सगळं बरोबर केलं तर पंधरा तारीख आपोआप मिटेल असं वाटण्याइतकी मी लहान होते. ती मिटली नाही. मी सरांकडे गेले की ते म्हणत, "बोल," आणि मी आलेखाच्या कागदाबद्दल काहीतरी विचारायची. मनातल्या मनात मी रोज एक तारीख ठरवत होते. अठरा. मग वीस. मग एकवीस.

याच दिवसांत मला एक पळवाट सापडली. तिला मी शास्त्र समजत होते.

तक्ते करताना माझ्या लक्षात आलं की जानेवारीच्या रकान्यात शून्य आणि पाच फार दिसतात. खरोखर पाहिलेला आकडा कुठेही थांबतो. दशांश स्थळी शून्य येण्याची जेवढी शक्यता तेवढीच तीनची, तेवढीच सातची. बसल्या जागी लिहिणारा माणूस मात्र रेघेवरचा आकडा लिहितो. साडेआठ. नऊ. मी सोळा जानेवाऱ्यांच्या चारशे शहाण्णव नोंदी मोजल्या. शेवटी शून्य: दोनशे अकरा. शेवटी पाच: एकशे अठ्ठ्याण्णव. बाकी आठ अंक मिळून: सत्त्याऐंशी. मग सोळा मे महिने घेतले. त्याही चारशे शहाण्णव. दहाच्या दहा अंक एकेचाळीस ते अठ्ठावन्नच्या मध्ये.

मी तो तक्ता तीन वेळा तपासला. त्यात ठकूमावशींच्या सोळा वर्षांचं खरेपण इतकं स्वच्छ दिसत होतं की मला रडू आलं, आणि त्याच वेळी हायसंही वाटलं. हे आकडेच बोलतील. मला बोलायला नको.

फरीदाने तक्ता पाहिला आणि शीळ घातली.

"म्हणजे सगळ्याच गोधडीबहाद्दर! माझी आतेबहीण, तिच्या मैत्रिणी... बाई गं, काय परंपरा आहे."

"चेष्टा करू नकोस."

"नाही करत." ती खरंच गंभीर झाली. "हे दाखवशील तर सर सगळं समजतील. तुझं हो सुद्धा समजतील. तुझं नाव न घेता ते सुटेल असं वाटतंय तुला, पण नाही सुटणार. आणि बघ, मी माझं सांगायला तयार आहे. मला काय, मी पुन्हा झाड होईन. तू निबंध वाचणार आहेस. तुझे वडील येणार आहेत."

बावीस तारखेला दुपारी मी तक्ता घेऊन सरांकडे गेले. ते एकटेच होते. त्यांनी कागद हातात घेतला. वरच्या ओळीवरून खाली, पुन्हा वर. मी त्यांच्याकडे पाहत होते, म्हणून नेमका कोणत्या क्षणी त्यांना समजलं ते मला दिसलं. त्यांना फार वेळ लागला नाही. आश्चर्यही वाटलं नाही.

"किती जणींना दाखवलंस?"

"फरीदाला फक्त."

"पद्धत कुठे वाचलीस?"

"कुठेच नाही, सर. तक्ते करताना दिसलं."

"हुशार आहेस." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुला काय वाटतं, मला हे माहीत नाही? मी बारा वर्षं इथे आहे. जानेवारीत पोरं येत नाहीत. थंडी असते. अर्धा-एक अंश इकडे तिकडे होतो. महिन्याच्या सरासरीत फारसा फरक पडत नाही."

"मग ठकूमावशींचे आकडे खरे आहेत, सर."

"असतील."

"मग ते का काढायचे?"

"स्नेहल, त्या पुस्तिकेवर शाळेचं नाव आहे. गुर्जरसाहेबांना मी काय सांगू? आमचे विद्यार्थी सोळा वर्षं अंथरुणात बसून तापमान लिहीत होते, आणि खऱ्या नोंदी भाजीच्या वाफ्यातल्या बाईच्या आहेत? दोन्हींतलं एकच छापता येतं. पंधरा तारखेनंतर काय छापायचं ते सोपं झालं."

"सर, पंधरा तारखेला मी..."

"पंधरा तारखेबद्दल मला काही सांगू नकोस." त्यांनी इतक्या पटकन म्हटलं की माझं तोंड उघडंच राहिलं. मग ते हळू आवाजात, जवळजवळ मायेने म्हणाले, "तू सांगितलंस तर मला ऐकावं लागेल. ऐकलं तर तुला वर्गातून काढावं लागेल. तुझ्यासारखी मुलगी दहा वर्षांत एखादी येते."

त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत आमचे दोन खोडरबर होते. त्यांनी माझा उचलला, तक्त्याच्या कागदावर ठेवला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"पेन्सिलने केलायस. बरं झालं. पाठीमागच्या बाजूला सव्वीसच्या आलेखाची चौकट आखून टाक. कागद वाया नको जायला."

मी मापनाच्या कामात आता तीस वर्षं आहे. माझ्या हाताखालून हजारो तापमाप्या गेल्या. कोणी आकडे फिरवले की मी रागावत नाही, सहकारी म्हणतात मी फार थंड आहे. माझा सगळा राग त्या दुपारीच जागा अडवून बसलाय. ठकूमावशींवर ते विश्वास ठेवत नव्हते असं असतं तर मी माफ केलं असतं. त्यांचा विश्वास होता. आणि माझ्यावर तो राग जास्तच आहे, कारण मी रबर उचलला.

मी खोडलं. दोनशे अकरा, एकशे अठ्ठ्याण्णव, सत्त्याऐंशी. रबराचा भुगा फुंकून टाकला. मग चौकट आखली.

रात्री जेवणाच्या रांगेत फरीदाने विचारलं, "काय म्हणाले?"

"हुशार आहेस म्हणाले."

तिने माझ्या ताटाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि रांगेत पुढे सरकली.

सव्वीसला सकाळी झेंडावंदन झालं. सभागृहात सतरंज्या, पुढे खुर्च्या. वडील तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. दुकान बंद ठेवून पहाटेच्या गाडीने आले होते. शेजारच्या पालकांना ते माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगत होते. गुर्जरसाहेब मधल्या खुर्चीत बसले होते. वयस्कर, बारीक, कानाला यंत्र लावलेले. रणदिवे सर त्यांच्या उजव्या हाताला. ठकूमावशी मागच्या दारात उभ्या होत्या. पाहुण्यांच्या हारांसाठी झेंडू आणून दिला होता, आणि आचाऱ्यांनी चहाचे कप भरायला थांबवून घेतलं होतं.

कुंभारकामवाल्यांनी आपली मडकी दाखवली. मग मी उठले.

मी चांगलं वाचलं. आवाज कापला नाही. पेटीची उंची, नोंदीची वेळ, महिन्यांच्या सरासऱ्या. आलेख फरीदाने धरला होता. त्याच्या पाठीमागे माझं खोडलेलं होतं. उजेड मागून आला की पेन्सिलीचे चर दिसत होते, मला एकटीला. मग ती ओळ आली.

"सुट्टीच्या काळातील नोंदी अप्रशिक्षित व्यक्तीने घेतलेल्या असून विश्वासार्ह नसल्यामुळे वगळल्या आहेत."

मी तीही वाचली. हे लिहून ठेवायला हवं. मी ती अडखळत वाचली नाही, पूर्णविरामासकट वाचली. मागच्या दारात कपबशीचा आवाज झाला आणि थांबला.

टाळ्या झाल्या. सरांनी मला पाहून मान हलवली. वडील अजून टाळ्या वाजवत होते. गुर्जरसाहेबांनी हात वर केला.

"छान वाचलंस, बाळ. एकच विचारू? मी बेचाळीस वर्षं हेच केलं, म्हणून उत्सुकता. हे तुमचे तीन आठवडे झाले ना? त्यात सगळ्यात थंड सकाळ कोणती? किती होतं तापमान?"

सोपा प्रश्न होता. उत्तर माझ्यासमोरच्या कागदावर होतं. बावीस जानेवारी, सात पूर्णांक सहा. ती नोंद मी स्वतः घेतली होती, डोळा सरळ ठेवून, दाणे मोजून. ती खोटीही नव्हती. सरांना उत्तर माहीत होतं, ते हसऱ्या चेहऱ्याने वाट पाहत होते.

मी कागदाकडे पाहिलं. मग मागच्या दाराकडे. ठकूमावशींच्या हातात किटली होती. त्या माझ्याकडे बघत होत्या. काही मागत नव्हत्या, काही माफही करत नव्हत्या. सकाळी साडेआठला काडीकडे बघतात तशा, कितव्या दाण्यावर टेकलीय ते बघत होत्या.

"ऐकू आलं नाही का?" गुर्जरसाहेब म्हणाले. "सगळ्यात थंड सकाळ?"

"आलं, सर."

रणदिवे सर खुर्चीत पुढे झाले. "स्नेहल, बावीस तारीख," ते हळूच म्हणाले.

मी निबंधाचे कागद टेबलावर ठेवले.

"पंधरा जानेवारी. तीन पूर्णांक चार. ती नोंद ठकूबाई ढेबे यांची आहे, त्या मागे दारात उभ्या आहेत. त्यांच्या सात वह्या प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात आहेत. नोंदवहीत त्या तारखेला साडेआठ लिहिलंय, खाली सही माझी आहे. मी त्या सकाळी अंथरुणातून उठलेच नव्हते."